बिनदुधाचं नागपूर

कोकणातल्या माणसाला नागपूर परदेशाइतकं लांब. मुंबईहून रेल्वेनं ८३७ किलोमीटर, आणि मुंबई गाठेपर्यंतचे हाल वेगळेच. नकाशात महाराष्ट्र एकसंध दिसतो. पण विदर्भ एक्स्प्रेसमध्ये सकाळी जाग आली की खिडकीबाहेर नारळ नाही, ओढा नाही, दिवसाउजेडी दिसेल असा उंचवटासुद्धा नाही. काळ्या जमिनीवर कापसाचे आणि तुरीचे तास नजर पोचेल तिथपर्यंत गेलेले. या मुलखात आम्ही दोघं निघालो होतो ते फिरायला आणि खायला. त्यात बायकोनं दूध सोडलेलं.

दूध सोडलं म्हणजे दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा सगळंच सोडलं. मासे-अंडी त्याआधीच सुटली होती, मधही गेला. याला हल्ली व्हीगन म्हणतात. मी व्हीगन नाही. प्रवासात आमची वाटणी ठरलेली असते: तिनं विचारायचं आणि तिला न चालणारं जे ताटात येईल ते मी संपवायचं. बर्लिनला मला हे काम फारसं करावं लागलं नव्हतं, कारण तिथं दर दोन गल्ल्यांआड ‘व्हीगन’ अशी पाटी दिसते. नागपूरबद्दल मात्र आप्तेष्टांनी आधीच हात टेकले होते. नागपूर म्हणजे सावजी मटण, संत्रा बर्फी आणि पुरणपोळीवर तुपाची वाटी. यातलं हिला चालणारं एकही नाही. म्हणून एका पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट आणि आमसुलं भरून घेतली होती. परक्या मुलखात जाताना शिदोरी असावी.

पहिला धक्का सकाळीच बसला. सीताबर्डीच्या बाजूला एका ठेल्यावर माणसं अर्धवर्तुळात उभी राहून काहीतरी भुरकत होती. जवळ गेलो. एका पातेल्यात पिवळे पोहे वाफेवर ठेवलेले. शेजारच्या रुंद गंजात काळपट लाल रस्सा, तळाशी हरभरे, वर तेलाचा जाड तवंग. ठेलेवाल्यानं प्लेटमध्ये पोहे टाकले, डावानं मधोमध दाबून त्यांना खळगा पाडला, त्यात हरभऱ्यांसकट रस्सा ओतला, मग फक्त वरचा तवंग उचलून कडेनं फिरवला, मूठभर कच्चा कांदा भुरभुरला आणि लिंबाची फोड खोचली. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं येतं आणि चिमूटभर साखर पडते. पोह्यांवर आमटी ओतताना मी जन्मात प्रथमच पाहत होतो.

बायकोनं नेहमीचा प्रश्न विचारला. ‘‘दादा, यात दूध, दही, तूप असं काही आहे का?’’

डाव हवेतच थांबला. ‘‘पोह्यात दूध? कुठले जी तुमी?’’

‘‘रत्नागिरीकडचे.’’

‘‘मंग बरोबर आहे,’’ तो म्हणाला. काय बरोबर आहे ते त्यानं सांगितलं नाही. तिच्या प्लेटीत मात्र आणखी एक डाव तर्री ओतली. ती खाताना बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कौतुकाचंही असावं.

दुपारी एका वातानुकूलित हॉटेलात शिरलो. दारावर ठळक अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी’. आम्हाला वाटलं, आता सोपं. मेनूकार्ड उघडलं तर पहिली दोन पानं पनीर. पुढं काजूची ग्रेव्ही, तिच्यात मलई. डाळीला तुपाची फोडणी, जिरा राइसला तूप, रोटीला वरून बटर. वेटर फार भला होता. तिचं म्हणणं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, जैन बनवा दूँ?’’ म्हणजे कांदा-लसूण गेला आणि पनीर जागच्या जागी राहिलं. ‘‘पनीर तो व्हेज ही है मॅडम.’’ त्याचं काही चुकत नव्हतं. हॉटेलातला आपला शाकाहार गायी-म्हशींच्या पाठीवर उभा आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका मांस आणि अंड्याबद्दल बोलतो, दुधाबद्दल नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम काढले, वेगळं चिन्हही ठरवलं; पण ते चिन्ह पाकिटांपर्यंत आलंय, वेटरपर्यंत नाही. बायको कोरडी तंदुरी रोटी, काकडी आणि भाजलेला पापड जेवली. मी बाकीचं सगळं जेवलो.

संध्याकाळी मावसमेव्हणा घ्यायला आला. बायकोची मावशी लग्न करून नागपूरला आली ती इथलीच झाली. तिचा मुलगा तर ‘करून राहिलो, खाऊन राहिलो’ असंच बोलतो. म्हणाला, ‘‘भावजी, सावजीत चला. ताई, तू बस, पाहा फक्त.’’ मटणाच्या खाणावळीत व्हीगन बाईला न्यायचं हे मला धाडसाचं वाटलं, पण मटणाची आशा मलाही होतीच.

सावजी ही नागपुरातल्या हलबा कोष्टी समाजाची, म्हणजे विणकरांची पाककला. महाल, इतवारी, गोळीबार चौक या जुन्या भागांत त्यांच्या घरांतून मागाचा खटखटाट चालायचा. १८७७ च्या पहिल्या जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल याच शहरात सुरू झाली. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग मागं पडत गेला, तशी घराघरांतल्या चुलीवरची भाजी विकायला बाहेर आली. अजूनही कित्येक सावजी भोजनालयं घराच्या पुढच्या खोलीतच असतात. आम्ही गेलो तेही तसंच. चार टेबलं, भिंतीवर देवाची तसबीर आणि आतल्या खोलीत मसाला भाजल्याचा असा ठसका की बाहेरच्या बाहेर शिंका सुरू.

मेव्हण्यानं मटण सांगितलं. बायकोनं काउंटरमागच्या काकूंना विचारलं, ‘‘शाकाहारी काय आहे?’’

‘‘पटोडी आहे, डाळकांदा आहे.’’

‘‘त्यात तूप, दही?’’

काकूंनी तिच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. ‘‘तूप कायले लागते बाई? तेलाचीच तर तर्री येते. रश्श्यात दही कोन टाकते?’’

‘‘आणि मटणाची पळी यात...’’

‘‘चाल आत,’’ काकू उठल्याच. तिला थेट चुलीशी नेऊन दाखवलं. ‘‘हे गंज पटोडीचं. हे मटनाचं. पळ्या वेगळ्या. आमच्या घरी सोमवार पाळतेत, मंग एकत्र कसं करू?’’

बर्लिनच्या कुठल्याही पाटीपेक्षा मला ही व्यवस्था जास्त खात्रीची वाटली. आपल्याकडच्या मांसाहारी घरांत आठवड्याचा एखादा तरी वार शाकाहाराचा असतो, आणि म्हणूनच त्यांना भांडी निराळी ठेवायची सवय असते. शुद्ध शाकाहारी हॉटेलाला ही सवय लागायचं कारणच नाही.

पटोडी म्हणजे बेसन शिजवून घट्ट करून थापायचं, त्याच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि वाढायच्या वेळी उकळत्या रश्श्यात सोडायच्या. रस्सा जवळजवळ काळा. धणे, मिरे, लवंग, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं हे सगळं तेलावर काळं होईतो भाजून वाटलेलं. यात किती मसाले असतात यावर जेवढी सावजी घरं तेवढे आकडे ऐकू येतात. तिखट मिरचीचं कमी आणि मिऱ्याचं जास्त वाटलं. जिभेवर लागण्याआधी कानामागे घाम फुटतो. तिखट उतरवायचा जगन्मान्य उपाय म्हणजे दही, आणि इथं बायकोचा हा दरवाजा बंद. पाणी प्यावं तर आग पसरते. काकूंनी ज्वारीची कोरडी भाकर, फोडलेला कांदा आणि लिंबू पुढं सरकवलं. ‘‘भाकर चावत राह्य, बाई. पानी नोको पिऊ.’’ भाकरीनं काम केलं. बायकोनं पटोडीचा रस्सा पुन्हा मागवला आणि मी माझं मटण अर्धं ठेवून तिच्या वाटीत भाकर बुडवली.

या मसाल्यात आणखी एक गोष्ट होती, ती काकूंनीच सांगितली: जवस. सावजी रस्सा पूर्वी जवसाच्या तेलातच व्हायचा. निळ्या फुलांचं हे पीक विदर्भातलं जुनं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधन चालतं. एनएल-९७ यासारखी वाणं इथलीच. परदेशातल्या व्हीगन स्वयंपाकात जवसाची पूड पाण्यात भिजवून अंड्याऐवजी केकमध्ये घालतात, आणि आपल्याकडच्या मॉलमध्ये हेच दाणे चकचकीत पाकिटात ‘फ्लॅक्स सीड्स’ म्हणून येतात. मावशीच्या घरी ते भाजून, मीठ-तिखट-लसूण घालून कुटलेले, साध्या बरणीत. बायको चटणीत तेल घालून भाकरी खात होती आणि मावशी म्हणत होती, ‘‘अगं, ही गरिबाची चटणी, पाहुण्याला देतात का!’’

हे सगळं कशामुळे, याचा विचार करत होतो. कोरडवाहू शेती, हरभरा, तूर, ज्वारी, जवस, करडई. ओलिताखालचं रान कमी, म्हणून हिरवा चारा कमी. दुधाचा धंदा पश्चिम महाराष्ट्रात जसा रुजला तसा इकडे रुजला नाही. डाळ आणि तेल रोजचं, तूप सणाचं. आमच्या नारळाचं काम इथं तेलबियांनी आणि बेसनानं केलंय. त्यामुळे न सांगता, न ठरवता अर्धा स्वयंपाक बिनदुधाचा झाला. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणीची फोडणी. झुणका. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं आणि खसखशीचं सारण भरून तळलेली पुडाची वडी. वडाभात तर मी डोळे विस्फारून पाहिला: डाळींचे वडे तळायचे, ते गरम भातावर कुस्करायचे आणि त्यावर हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. भातावर भजी, त्यावर तेल! कोकणात कुणी केलं असतं तर वैद्याला बोलावलं असतं.

मावशीचा विरोध फक्त एका जागी होता. वडाभाताबरोबर कढी हवीच, आणि रोडग्यावर तूप हवंच. गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, झटकतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. ‘‘तूप नाही तर मग रोडगा कशाला, दगड खा की,’’ मावशी. बायकोनं तूप नाकारून वांग्याच्या तर्रीत रोडगा बुडवला. मी हळूच गोवऱ्यांचा विषय काढला: गायीचं तूप चालत नाही, मग गायीच्या शेणावर भाजलेलं कसं चालतं? त्या रात्री मला दुसरा रोडगा वाढला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला गेलो. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटर, आणि तिथून पुढं सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा गाव शेगाव होतं. नाव पुढं बदललं. आदि निवास, बापूकुटी, मातीच्या भिंती, पिंपळाची सावली. बायकोला तिथं जायचंच होतं, कारण हा माणूस तिच्याच पंथातला, आणि ‘व्हीगन’ हे नाव जन्मायच्या कितीतरी आधीचा. लंडनमध्ये शिकत असताना शाकाहारी उपाहारगृह शोधत तो मैलोन्‌मैल चालला आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवर ते सापडलं. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर, कॅलनबाख या मित्राच्या साथीनं, त्यानं दूध सोडलं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी शाकाहारी सोसायटीपासून वेगळं होऊन व्हीगन सोसायटी काढली ती १९४४ च्या नोव्हेंबरात.

पण गांधीजींचं व्रत टिकलं नाही. १९१८ मध्ये आमांशानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. मुंबईत डॉक्टर दलाल म्हणाले, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. शेजारी कस्तुरबा उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं दूध का चालू नये? वकिली शिकून आलेल्या नवऱ्याला बायकोनं पळवाट काढून दिली आणि त्यांनी ती घेतली. शब्द पाळला, आत्मा गेला, असं त्यांना स्वतःला आयुष्यभर टोचत राहिलं. आत्मचरित्रात ते स्पष्ट लिहिलंय. पुढं सेवाग्राममध्येही शेळीचं दूध चालूच राहिलं.

बापूकुटीच्या बाहेर झाडाखाली बसून आमचं यावर चांगलंच वाजलं. मी म्हणालो, ‘‘कस्तुरबांचंच बरोबर. नवरा जगला पाहिजे.’’

‘‘त्यांचं बरोबर होतं,’’ बायको म्हणाली. ‘‘पण अहो, मला आमांश झालेला नाही.’’

वर्ध्यात गोरस भांडार आहे. जमनालाल बजाजांनी अखेरचे दिवस वर्ध्यात गोसेवेच्या कामात घालवले, त्या वाटेवरची ही संस्था. तिथला गोरसपाक हे गायीच्या तुपातलं बिस्किट, तोंडात टाकताच विरघळणारं. ते मी एकट्यानं खाल्लं, आणि डबाही घेतला. बायकोनं रस्त्यावरच्या टोपलीतून संत्री घेतली. भोसल्यांनी ही झाडं औरंगाबादहून आणून नागपुरात लावली असं सांगतात. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. साल सैल, बोट घातलं की सुटते. खव्याची संत्रा बर्फी हा संत्र्यावरचा अन्याय आहे, हे मत बायकोचं. बर्फी खाऊन झाल्यावर माझंही.

तर नागपूरला जोडीनं जाणार असाल आणि दोघांपैकी एकानं दूध सोडलं असेल, तर झगमगीत शुद्ध शाकाहारी हॉटेलांच्या वाटेला जाऊ नका. सकाळी ठेल्यावर तर्री पोहे खा. संध्याकाळी जुन्या नागपुरातलं घरगुती सावजी भोजनालय गाठा, पटोडी रस्सा सांगा, गंज आणि पळी विचारून घ्या; कुणी रागावत नाही. चहा कोराच मागा आणि तो उकळायला टाकायच्या आधी सांगा. कुणाच्या घरी जेवायला बोलावणं आलं तर तुपाचं आदल्या दिवशी फोनवर कळवा, ताटावर बसल्यावर नाही. संत्र्यासाठी जायचं असेल तर आंबिया बहार दिवाळीच्या सुमाराला येतो आणि मृग बहार होळीच्या.

शेंगदाण्याचे लाडू नेऊ नका, परत आणावे लागतात.