काश्मीरच्या अंगणातील शलगम

आमच्या बेळगावकडील खेड्यांत शलगम फारसे कोणी लावीत नाही. लावले तरी ते चार दिवसांत खाऊन संपवावयाचे, अशीच समजूत. ही समजूत किती तोकडी आहे, ते मला काश्मीरात एका घराच्या अंगणात उभे राहिल्यावर कळले.

2025 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही उभयतां तिकडे गेलो होतो. रविवारी श्रीनगरमध्ये मौलाना आझाद मार्गावरील पवित्र कुटुंबाच्या मंदिरात मिस्सा ऐकली. हे मंदिर 1896 साली बांधलेले आहे. बाहेर पडताच आमचा मोटारचालक म्हणाला, “साहेब, बागा सगळेच पाहतात. आज आमच्या घरी चहाला चला.” इतक्या अगत्याचे निमंत्रण मोडवेना.

गावी पोहोचलो तो त्याच्या वृद्ध मातोश्री उन्हात बसून शलगमाच्या चकत्या कापीत होत्या. कापलेल्या चकत्या दोऱ्यात ओवून त्यांच्या लांब माळा वळचणीला टांगलेल्या होत्या. माझी पत्नी हळूच म्हणाली, “अहो, जपमाळाच जणू!” काश्मिरी भाषेत शलगमाला गोग्जी म्हणतात. त्याचे बी उन्हाळा सरताना पेरतात आणि सुमारे दोन महिन्यांत कंद काढणीस येतो.

काही कंद वाळवायचे नव्हते. त्यांच्यासाठी परसात गुडघाभर खोल खड्डा खणला होता. “अम्माजी, हे मातीत कुजत नाहीत का?” मी विचारले. मुलाने आमचे बोलणे दोहीकडे समजावून दिले. कंद धुवावयाचे नाहीत. पाला बोटभर देठ ठेवून कापावयाचा, कारण पाला राहिला तर तो कंदातील ओल शोषून घेतो. खरचटलेला कंद आधी खाऊन टाकावयाचा. एक सडला की शेजारचेही सडतात. वर गवत आणि माती घातली की थंडी कंदाला ताजा ठेवते, पण गोठू देत नाही. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडक हिवाळा. त्यात लागेल तसे काढून घ्यावयाचे.

मुलगा हसून म्हणाला, “आता एवढी खटपट कशाला? 1956 साली जवाहर बोगदा झाला, यंदा जूनपासून श्रीनगरला आगगाडीही येते.” म्हातारी सुरी न थांबवता म्हणाल्या, “आणि सप्टेंबरात तुझी सफरचंदे कोठे होती?” मुलगा गप्प झाला. त्या महिन्यात दरडींमुळे महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि सफरचंदांनी भरलेले ट्रक वाटेतच अडकून पडले. त्यांत त्याच्या पेट्याही होत्या.

मीही गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी भाव पडला म्हणून मी मुळ्याचा उभा वाफा नांगराखाली घातला होता. वाहतुकीचा खर्चही निघणार नव्हता, हे खरे. परंतु त्यातील एक टोपलीसुद्धा घरासाठी वाळवावी, शेजारच्या विधवा बाईला द्यावी, असे मला सुचले नाही. मिसर देशात सुकाळाची सात वर्षे धान्य साठविणाऱ्या योसेफाची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दिवशी ती मला प्रथमच माझ्या वाफ्यापर्यंत आलेली दिसली.

निघताना अम्माजींनी एक माळ पत्नीच्या हाती दिली. पैसे देऊ केले, तर त्यांना वाईट वाटले. उपवासकाळातील एका शुक्रवारी त्या चकत्या कोमट पाण्यात भिजवून आम्ही राजम्याबरोबर शिजविल्या. मांसाची आठवण कोणालाही झाली नाही.

वाचकहो, त्यांचा खड्डा आपल्याकडे चालणार नाही. आपली जमीन उबदार, त्यात कंद कुजतील. पण वाळवण आपल्या घरांना नवे नाही. दिवाळीच्या सुमारास एक वाफा शलगम पेरावे, कंद मुठीएवढे होताच काढावेत, आणि पौष-माघाच्या कोरड्या उन्हात पातळ चकत्या कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. आम्ही यंदा दोन वाफे धरले आहेत. दुसऱ्या वाफ्याचे वाळवण शेजारणीच्या घरी जाईल.