एमडी म्हणजे गर्द नव्हे

हमरापूर, ता. पेण

प्रिय ताईस,

मेफेड्रोन, म्हणजे बोलण्यातली ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’, ही रसायनांपासून बनवलेली उत्तेजक पावडर आहे. १९२९ साली ती पहिल्यांदा तयार झाली, विस्मरणात गेली आणि २००० नंतर युरोपच्या बाजारात आली. भारतात फेब्रुवारी २०१५ पर्यंत ती अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या यादीतही नव्हती. तिला शेत लागत नाही, कारखाना पुरतो. डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळच्या ढेकू इथे अशाच कारखान्यातून ८५ किलोंहून अधिक एमडी पकडली. खोपोली म्हणजे पेणहून निघणाऱ्या रस्त्याचे दुसरे टोक.

महाराष्ट्राने ऐंशीच्या दशकात गर्दची, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची, लाट पाहिली. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली त्याच लाटेत उभे राहिले. गर्दुल्ला पेंगतो, त्याचा श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. एमडीत सगळे उलट. झोप-भूक उडते, जबडा आवळतो, बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, अंग तापते. त्यामुळे गर्दची लक्षणे शोधणाऱ्या नजरेतून एमडी घेणारा निसटतो. लघवीच्या नेहमीच्या तपासणीपट्टीतही एमडी अनेकदा सापडत नाही.

नाकाने ओढलेली पावडर काही मिनिटांत चढते आणि दोन-तीन तासांत उतरते. उतरताना पुन्हा घ्यावीशी वाटते. म्हणून एका रात्रीत पुडीमागून पुडी संपते. मागाहून उदासी, चिडचिड, संशय, कधी भास. गणपतीच्या मूर्तींच्या हंगामात रात्र जागवणाऱ्या कारागिराला जागे राहण्याचा उपाय म्हणून अशी पुडी पटवणे सोपे असते. पण ती थकवा घालवत नाही, फक्त कळू देत नाही. पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्यात आधीच तापलेले अंग त्यात आणखी तापते. दारू सोबत असेल तर धोका वाढतो.

एमडी घेऊन त्रास होत असलेल्या रुग्णाला गोंगाटापासून दूर, वाऱ्याला बसवावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि एकटे सोडू नये. पाणी घोटघोट द्यावे. तांब्यामागून तांब्या पाजल्यास रक्तातले सोडियम उतरू शकते. झटका आल्यास कुशीवर वळवावे. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. छातीत दुखणे, झटका, भ्रम किंवा फणफणता ताप दिसताच १०८ ला फोन करावा. गर्दवर चालणारे नॅलोक्सोन इथे उपयोगाचे नाही. एमडीवर उतारा नाही. रुग्णालयात शांत करणारी औषधे देतात आणि अंग थंड करतात. काय घेतले हे डॉक्टरांना खरे सांगितले की उपचार लवकर लागू पडतात.

एनडीपीएस कायद्याने एमडीचा २ ग्रॅमहून कमी साठा अल्प आणि ५० ग्रॅमवरचा व्यापारी समजला जातो. व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर सेवनाबद्दल वा अल्प साठ्याबद्दल खटल्यापासून कलम ६४-अ संरक्षण देते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

तुझा,
धाकटा