कूलरच्या वाऱ्यात पुस्तक

कागदी पुस्तक बरं, पडद्यावरचं बरं की कानांनी ऐकायचं बरं, या वादात उतरणाऱ्या नागपूरकरानं आधी महिना कोणता ते सांगावं. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकला की घराघरात कूलर सुरू होतात. त्या घरघरीत ऑडिओबुकचा निवेदक कितीही खणखणीत आवाजाचा असो, कोणतं पात्र बोलतंय ते कळत नाही. इअरफोन घालावा तर कान घामानं चिंब. कागदी पुस्तकाची पानं वाऱ्यानं आपोआप उलटतात आणि कूलरच्या ओलाव्यानं महिनाभरात पुस्तक फुगतं. म्हणून उन्हाळ्यात माझं मत किंडलला. पावसाळा लागला की ते मत बदलतं.

तसं पाहिलं तर आमच्या घरात पुस्तक आलं ते कानांवाटेच. आजीला अक्षरओळख नव्हती. दासगणूंची 'गजानन विजय' पोथी मात्र तिला एकविसाच्या एकवीस अध्याय पाठ होती. गुरुवारी संध्याकाळी आम्हा मुलांपैकी कोणीतरी वाचायचं आणि ती वाती वळत ऐकायची. खेळायला पळायची घाई असलेला माझा आतेभाऊ मधल्या दोन-चार ओव्या गाळून पुढे सरकायचा. आजी मान वर न करता म्हणायची, "मागं जा रे." पान कोणतं, ओळ कुठली, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गाळलेली जागा तिला बरोबर ऐकू यायची.

पुढे कॉलेजात 'लीळाचरित्र' अभ्यासाला आलं तेव्हा त्याच्या घडणीची गोष्ट मला फारशी नवलाची वाटली नाही. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसं गाठून, विचारून गोळा केल्या, त्या आमच्या विदर्भातल्याच रिद्धपूरला. महानुभाव परंपरा असंही सांगते, की मूळ पोथी धामधुमीत गेली आणि ग्रंथ पुन्हा आठवणीतून उभा केला गेला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांनी हे पाठ ताडून 1978 मध्ये जी प्रत सिद्ध केली, ती कागदावरच वाचायची चीज आहे. एक बोट मजकुरात, दुसरं तळटिपेत, तिसरं मागच्या शब्दकोशात. पडद्यावर इतकी बोटं घालता येत नाहीत.

कागदाच्या वासाबद्दल गहिवरून बोलणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. त्यांनी आमच्या माळ्यावरची पुस्तकं एकदा उतरवून पाहावीत. बाबांनी सीताबर्डीच्या फुटपाथवरून हौसेनं आणलेल्या कादंबऱ्यांना कसरीनं आरपार भोकं पाडली आहेत आणि तिथे येणारा वास झुरळांचा आहे.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती 2016 च्या डिसेंबरात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आगेमागे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं म्हणजे काय, हे तरुणांना सांगून कळायचं नाही. त्या यंत्रावर माझा राग नाही, पण पुरता विश्वासही नाही. 2009 मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, एवढंच कारण. पैसे परत मिळाले. त्यातलं एक पुस्तक नेमकं '1984' होतं! दुकानदारानं रात्री येऊन कपाटातलं पुस्तक उचलून नेलं असतं तर आपण पोलिसांत गेलो असतो.

ऐकण्याचं म्हणाल तर वपुंच्या आणि पुलंच्या कॅसेटींवर आमची पिढी वाढली. टेप गुंतली की पेन्सिलीनं गुंडाळायची आणि पुन्हा तेच ऐकायचं. आता मेट्रोनं खापरीहून बर्डीपर्यंत येताना मी फोनवर पुस्तकं ऐकते, पण बहुधा आधी वाचून झालेलीच. पहिल्या भेटीला मला डोळे लागतात. अडलं तर थांबता यावं, कंटाळा आला तर दोन पानं उडी मारता यावी. निवेदक माझ्यासाठी थांबत नाही. वाचलेलं पुस्तक ऐकताना मात्र मजा येते. कुठे काय आहे ते ठाऊक असतं आणि तो एखादं वाक्य मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्याच ठसक्यात म्हणतो. आजीचं ऐकणंही याच जातीचं असावं.

तरीही कागदाचं एक काम बाकी दोघांना जमलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते पाहायला दसऱ्याला दीक्षाभूमीवर जावं लागतं. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून दर वर्षी लाखो माणसं येतात, आणि परतताना मूर्ती, फोटोंबरोबर पुस्तकं नेतात. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकांपासून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'पर्यंत आणि सरकारनं 1979 पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी खंडांपर्यंत. गर्दीत धक्के खात लोक हे जाडजूड खंड छातीशी धरून नेतात. त्यातले किती जण इंग्रजी वाचत असतील, असा प्रश्न एका परिचितानं तिथेच विचारला होता. मला तो प्रश्नच गैरलागू वाटतो. आज स्वतःला वाचता न येणारं पुस्तक उद्या घरातलं कोणीतरी वाचेल म्हणून विकत घेऊन ठेवायचं, हा व्यवहार ॲपवर होत नाही. तिथे खातं उघडतं ते एकाच्या नावानं, आणि महिन्याचे पैसे थकले की दार बंद.

मागे तिथल्या एका स्टॉलवर माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती. तिनं एक पुस्तक उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विक्रेत्या पोरापुढे धरलं. "एक पान वाचून दाखव न भाऊ." मागे रेटारेटी चालली होती, पण त्यानं वाचलं, चांगलं मोठ्यानं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, कमरेची पिशवी सोडली आणि म्हणाल्या, "हेच दे. पण याच्याहून मोठ्या अक्षराचं हाय का? नात रात्री वाचते, अन् आमच्याकडं लाइट जाते."