तोंडी नकाराला अपील नसतं

रानात गोठा बांधायचा असो की गावात दोन खोल्या वाढवायच्या असोत, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एनए झालंय का?" गेल्या वर्षभरात ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, तहसील आणि बँक अशा चारही ठिकाणी मी हा प्रश्न ऐकला. गंमत म्हणजे माझ्या कामाला तो लागूच नव्हता.

पोस्ट लांब आहे. पण दिवाळी झाली की आपल्या भागात गावोगावी बांधकामं निघतात, तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं काम साधं होतं. शेतात आठ जनावरांचा गोठा, कडबा ठेवायला शेड आणि रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला जाऊन पडायला एक खोली. बँक गोठ्याला कर्ज द्यायला तयार होती, फक्त "बांधकाम परवानगीचा कागद आणा" म्हणाली. ग्रामपंचायत म्हणाली, शेतातलं आमच्याकडं नाही, तहसीलला जा. तहसीलच्या टेबलावर उत्तर मिळालं, "दादा, आधी एनए करून आणा, मग बघू." आणि जाताजाता शेजारच्या टेबलावरून सल्लाही मिळाला, "बांधा की हो, कोण येतंय बघायला!"

एकाच खोलीत, पाच मिनिटांच्या आत, नकारही मिळाला आणि होकारही. कागदावर दोन्ही नाहीत. मला वाटतं आपल्या बांधकाम परवानगीचं सगळं दुखणं इथं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. जागा कुठं आहे यावर सगळं ठरतं.

पहिली जागा, गावठाण. गावठाणातल्या घराला एनएचा प्रश्न येत नाही, कारण ती जमीन शेतीची नाहीच. तिथं परवानगी ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ त्यासाठीच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि लहान घरांसाठी काम बरंच सोपं झालं. साधारण १५० चौरस मीटर, म्हणजे सोळाशे चौरस फुटांपर्यंतचा भूखंड असेल तर मालकीचा कागद, नकाशा आणि बांधकाम नियमात आहे असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला द्यायचा, शुल्क भरायचं आणि पावती जपून ठेवायची. त्यापुढं बत्तीसशे चौरस फुटांपर्यंत दहा दिवसांत परवानगी मिळायला हवी. त्याहून मोठ्या बांधकामाची फाईल नगररचनेकडं जाते.

इथं एका कागदानं फार लोक फसतात. तलाठ्याचा ८-अ म्हणजे खातेदाराच्या जमिनीचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद. नाव सारखं, काम वेगळं. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, ती कराची नोंद आहे. ज्या गावांत ड्रोनने गावठाण मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाल्यात, त्यांनी ती आधी बघावी. क्षेत्र आणि नाव बरोबर आहे का ते घर पाडायच्या आधी तपासावं, नंतर नव्हे.

दुसरी जागा, गावठाणाला लागून. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आणि प्रादेशिक योजनेत रहिवासाला चालणाऱ्या पट्ट्यात जमीन असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड लागतं. रूपांतर कर आणि इतर देणी भरली की जमीन बिनशेती झाली असं समजलं जातं. कलम ४४ खालच्या वेगळ्या एनए परवानगीसाठी वर्षभर फिरायची गरज नाही. घराचा नकाशा मात्र मंजूर करून घ्यावा लागतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी जागा, शेत. १९६६ च्या त्याच संहितेत 'शेत इमारती'ची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण, शेतमाल ठेवायला, जनावरं बांधायला आणि शेत धारण करणाऱ्याच्या कुटुंबानं किंवा गड्यांनी राहायला बांधलेली वास्तू म्हणजे शेत इमारत. कलम ४१ म्हणतं, शेतकऱ्याला आपल्या जमिनीत अशी इमारत बांधायचा हक्क आहे. मोठ्या शहरांच्या भोवतीच्या ठरावीक पट्ट्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आकारालाही मर्यादा आहे. आणि शेत इमारतीच्या नावाखाली हॉटेल काढलं किंवा खोल्या भाड्यानं दिल्या तर हे कलम वाचवणार नाही. पण आमच्यासारख्या शहरापासून लांबच्या गावात, गोठ्याला एनए? नाही.

हे सगळं मी टेबलावर सांगून बघितलं. "तुम्हीच वकील झालात का?" असं उत्तर मिळालं. मग सांगणं सोडलं आणि लिहिलं. एक पानी अर्ज : गट नंबर, क्षेत्र, बांधकामाचं मोजमाप, वापर कशासाठी, कलम ४१ चा उल्लेख आणि शेवटी एकच मागणी. या बांधकामाला परवानगी लागत असल्यास कोणत्या कलमाखाली लागते ते लेखी कळवावं, लागत नसल्यास तसं लेखी कळवावं. सोबत सातबारा आणि हातानं काढलेला साधा नकाशा. आवक-जावकला अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतला.

लगेच काही झालं नाही. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र दिलं. त्यात पहिल्या अर्जाचा आवक नंबर टाकला आणि दफ्तर दिरंगाई कायद्याची आठवण करून दिली. २००५ च्या या कायद्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याकडं फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या खात्याकडं पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. पुढच्या आठवड्यात मंडळ अधिकारी रानात येऊन जागा बघून गेले. आणखी काही दिवसांनी चार ओळींचं पत्र मिळालं : सदर बांधकाम शेतीच्या प्रयोजनासाठी असल्यानं अकृषिक परवानगीची आवश्यकता नाही. खाली अटी होत्या. त्याच पत्रावर बँकेनं गोठ्याचं कर्ज दिलं.

चार ओळी लिहायला किती वेळ लागतो? आणि त्या न लिहिल्यानं काय होतं, ते माझ्या गल्लीतच आहे. आमच्या एका काकूंचं घर गावठाणात. भिंत खचली होती. त्यांनाही दोन वर्षं "एनए आणा" सांगितलं. गावठाणात! शेवटी त्यांनी बँकेचा नाद सोडला, पतसंस्थेचं महागडं कर्ज काढलं आणि कागदाशिवाय घर बांधलं. आज घर पक्कं आहे, पण नोंदीत अजून सासऱ्यांच्या नावची मातीची जुनी वास्तू आहे. उद्या रस्ता रुंद झाला, भरपाई आली, मुलाला तारण ठेवायची वेळ आली, तर या घराचं अस्तित्व सिद्ध करायला त्यांच्याकडं काय आहे? "साहेबांनी बांधा म्हणून सांगितलं होतं" हे कुठं चालतं?

परवानगी ही कटकटच आहे, ती काढूनच टाका, असं मी म्हणत नाही. सांगली-कोल्हापूरकडं २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना पूररेषा काय असते ते सांगायला नको. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. बांधणाऱ्याला कुणीतरी हे विचारायला हवं की बाबा, ओढ्यापासून किती लांब आहेस, वरून विजेची तार जाते का, रस्त्याच्या हद्दीपासून अंतर सोडलंस का? माझ्या सगळ्या हेलपाट्यांत, मंडळ अधिकारी सोडले तर, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. विचारलं ते फक्त एनए.

तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, ग्रामसेवकांचं ग्रामपंचायत अधिकारी. चांगलंय. त्यांच्यावर कामाचा बोजाही मोठा आहे, एकेकाकडं दोन-तीन गावं असतात, हे मान्य. पण म्हणूनच लेखी उत्तर सगळ्यांच्या सोयीचं आहे. एकदा लिहून दिलं की तोच माणूस सहा वेळा परत येत नाही.

मंडळी, आपण एवढं करू शकतो. तोंडी विचारायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात विचारा : माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, फाईल कुणाकडं आहे? त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकार आला तरी घाबरू नका. लेखी नकारात कलम असतं, सही असते, त्याच्यावर वर दाद मागता येते. तोंडी नकाराचं काहीच करता येत नाही, आणि तोंडी होकाराचं तर त्याहून नाही.

काकूंच्या घराचा नकाशा आता एका अभियंत्याकडून करून घेतलाय. नोंद दुरुस्तीचा अर्ज सोमवारी ग्रामपंचायतीत देतोय, दोन प्रतींत. अर्जाचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवतो.