चुन्याची विद्या

वास्तुकलेची पदवी पदरी पडताच आमच्या धाकट्या कन्येपुढे प्रश्न उभा राहिला: पुढील शिक्षण रुडकीस घ्यावे, की दिल्लीस? माझा कल रुडकीकडे. १८४७ साली स्थापन झालेली ती संस्था. नावाचा दबदबा केवढा! कन्या काहीच बोलली नाही. पालखीच्या दिवशी तिने मला देवळामागे नेले. जांभ्याच्या जुन्या भिंतीवर आम्हीच, देवस्थान समितीत असताना, सिमेंटाचा गिलावा चढविला होता. तोही भाविकांच्या वर्गणीतून. चुन्यातून ओल बाहेर पडे. सिमेंटाने ती आतच कोंडली आणि चिरा भुसभुशीत झाला.

“बाबा, हे सावरावे कसे, ते मला शिकावयाचे आहे. दिल्लीस वास्तुजतनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.”

मी गिलाव्यावर बोटाचे पेर वाजवून पाहिले. आवाज पोकळ आला. दिल्लीच्या अर्जाचे शुल्क त्याच रात्री मी भरले.