पुस्तकातले सात लिटर

ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच असतो, किती लागतं? माझ्या गाडीच्या पुस्तकात सात लिटर लिहिलं आहे. आकडा बरोबर आहे. पण सात लिटरचे डबे आणून, जुनं काढून, सगळे ओतले तर गिअरबॉक्सचं वाटोळं व्हायला वेळ लागणार नाही. खालचा बोल्ट काढल्यावर बाहेर येतं ते जेमतेम साडेतीन लिटर. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये बसून राहतं. मला हे यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या एका मिस्त्रीनं दाखवलं, आणि दाखवताना जो धीर धरला त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मी ठिबकचे संच बसवून देतो. गाडी छोटी एसयूव्ही आहे, चार मीटरच्या आतली. डिझेल इंजिन दीड हजार सीसीच्या आत आणि लांबी चार हजार मिलिमीटरच्या आत असली की कर कमी बसतो, म्हणून आपल्याकडे या मापाच्या गाड्यांचं पीक आलं. माझी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक. कॅरियरवर लॅटरलची बंडलं, मागे फिल्टर आणि व्हॉल्व्हची पोती, आणि यवतमाळहून जोडमोहा, करंजी, मारेगाव करत वणी, कधी पुढे मुकुटबन. उन्हाळ्यात वणी भागात कोळशाच्या ट्रकांमागे आणि हिवाळ्यात कापसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत जावं लागतं. मार्केट यार्डाच्या तोंडाशी ट्रॉल्यांची रांग लागली की अर्धा अर्धा तास गाडी पाच-दहाच्या वेगानं सरकते.

हे रांगणंच गिअरबॉक्सला भोवतं. गाडी वेगात असते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर आतून लॉक होतो आणि इंजिनाची ताकद थेट पुढे जाते. हळू चालताना लॉक सुटलेला असतो. इंजिनाकडचं पातं तेल घुसळतं, त्या तेलाच्या रेट्यानं गिअरकडचं पातं फिरतं, आणि दोघांच्या वेगातला फरक उष्णता होऊन त्याच तेलात जिरतो. वर मे महिन्यात हवाच चव्वेचाळीस अंशांची. कूलर तरी कशानं थंड करणार? तेलाचं साधारण कामाचं तापमान ऐंशी-नव्वद अंश. त्याच्या वर दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे. आणि हे तेल नुसतं वंगण नाही. गिअर बदलणारे क्लच दाबून धरायचं कामही त्याच्याच दाबावर चालतं. तेल थकलं की गाडीचा स्वभाव बदलतो.

माझ्या गाडीचा बदलला तो असा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिसका बसू लागला, तोही तापल्यावरच. सकाळी रिव्हर्स टाकला की क्षणभर काहीच होत नसे, मग ठक्कन लागे. सर्व्हिस सेंटरला दाखवलं. काउंटरवरून उत्तर आलं, "सर, यात लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं."

मी घरी येऊन देखभालीचा तक्ता नीट वाचला. त्यात दोन रकाने आहेत, नेहमीच्या वापराचा आणि कठीण परिस्थितीतल्या वापराचा. कठीण म्हणजे काय त्याची यादीही आहे. कडक उष्णता, धूळ, खराब रस्ते, वारंवार थांबत चालणं, ओझं. या रकान्यात गिअर ऑइल बदलायचं अंतर स्पष्ट दिलेलं आहे. मला राग आला तो इथे. ज्याला पुस्तक अपवाद म्हणतं तो झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत आमच्या अख्ख्या जिल्ह्याचा रोजचा दिवस आहे. आमच्याकडे गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा दुसरा रकाना पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवायला हवा. कर्जावर गाडी घेतलेल्या माणसाला गिअरबॉक्सचं काम लाखात जातं तेव्हा 'लाइफटाइम' म्हणजे कुणाचं, हे त्याला कुणी सांगत नाही.

मिस्त्रीनं गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायला सांगितली. "दुपारी काहाचं होते जी? गरम तेलावर लेवल येतच नाही. सकाळी सहाले या."

सकाळी गाडी चारही चाकांवर सारखी उचललेली होती. पुढचीच चाकं जॅकवर असती तर तेल मागे सरकून लेवल खोटी आली असती. त्यानं आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल केला. तो जर गंजून बसलेला निघाला आणि तेल आधीच सोडलेलं असलं, तर गाडी तिथेच अडकते. मग खालचा. तेल मापाच्या जगमध्ये धरलं. नवं तेल लाल, पातळ, जवळजवळ आरपार दिसणारं. हे काळपट तपकिरी होतं आणि करपल्यासारखा वास येत होता. ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काळा मऊ लेप साचलेला. मिस्त्रीनं तो अंगठा-तर्जनीत चोळून उन्हाकडे धरला. लेप काजळासारखा गुळगुळीत असेल तर ती क्लचची आणि गिअरची नेहमीची झीज. बोटाला कण टोचले, चकचकीत किस दिसला, तर आत काहीतरी तुटतं आहे. आमचा गुळगुळीत निघाला.

जगमध्ये साडेतीन लिटर. तेवढंच नवं, पुस्तकात नाव दिलेल्याच प्रतीचं, गाळणी आणि नळीनं वरून भरलं. नवा वॉशर घालून ड्रेन बोल्ट टॉर्क रेंचनं आवळला. इथून पुढे खरं काम होतं. माझ्या गाडीला डिपस्टिक नाही. लेवल पाहायला वेगळा बोल्ट आहे, आणि तो तेल पन्नास ते साठ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवूनच काढायचा. तेल तापलं की फुगतं. ऐंशीवर बोल्ट काढला तर फुगलेलं तेल वाहून जातं आणि थंड झाल्यावर कमी पडतं, मग पंप हवा ओढतो. तिशीत काढला तर उलटं, तेल जास्त राहतं आणि गिअर ते घुसळून फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही. म्हणून सकाळी सहा! दुपारी चालवत आणलेली गाडी साठच्या खाली यायला आमच्या हवेत फार वेळ घेते.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. मी ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत लिव्हर फिरवला, म्हणजे नवं तेल सगळ्या वाटांत जातं. आकडा चढत होता, अडतीस, चव्वेचाळीस, एक्कावन्न. "आता!" तो खालून ओरडला. तेलाची बारीक धार आली, मग धारेचे थेंब झाले, आणि थेंब रेंगाळायला लागल्याबरोबर त्यानं बोल्ट लावला.

मशीन लावून सगळं तेल एकदम फ्लश करायला तो तयार नव्हता. जुन्या गिअरबॉक्समध्ये दाबानं ढवळाढवळ नको, हे त्याचं मत मला पटलं. साडेतीन काढून साडेतीन भरलं की निम्मं नवं. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तसंच केलं की पाऊण हिस्सा नवा, तिसऱ्यांदा केलं की जुनं आठवा हिस्साच उरतं. ठिबकच्या नळ्याही आम्ही अशाच धुतो, टोकं उघडून, पुन्हा पुन्हा, बेताच्या दाबानं.

शेजारच्या रॅम्पवर एएमटीची गाडी उभी होती. तिच्यावरही ऑटोमॅटिक म्हणूनच लिहिलेलं असतं, पण आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि त्याला त्याचंच जाड तेल लागतं. क्लच आणि गिअर ओढणाऱ्या यंत्रणेचं वेगळं. सीव्हीटीला तर तिसरंच, कारण तिथे पट्टा पुलीवर पकड धरून चालतो आणि चुकीच्या तेलात तो घसरून खराब होतो. बोलेरोवाल्याला गिअरचं आणि मागच्या हौजिंगचं तेल वेगळं हे सांगावं लागत नाही. या नव्या गाड्यांचं मात्र गावोगावच्या गॅरेजांना कुणी धड शिकवलेलंच नाही. शिकायची तयारी आहे, माहिती पोचत नाही.

निघालेलं तेल मी गावाकडे नेऊ दिलं नाही. लोक ते बैलगाडीच्या आखाला, वाळवी लागू नये म्हणून खांबांना लावतात, उरलेलं बांधावर ओततात. ते कायद्यानंही घातक कचऱ्यात मोडतं, आणि बांधाच्या पलीकडे बहुधा विहीर असते. मिस्त्रीकडे जुन्या तेलाचा बंद ड्रम आहे, तो अधिकृत रिसायकलवाला घेऊन जातो.

हिसका त्याच आठवड्यात कमी झाला. रिव्हर्सचं थांबणं पूर्ण गेलं नव्हतं. दुसऱ्या वेळेच्या तेलानंतर गेलं. आता गॅरेजच्या भिंतीवर खडूनं एक तक्ता काढला आहे, गाडीचं मॉडेल, तेलाची प्रत, किती निघतं, किती अंशांवर लेवल पाहायची. पहिली ओळ माझ्या गाडीची आहे. पुसद आणि दारव्ह्याच्या दोन मिस्त्रींनी त्याचे फोटो मागवून घेतले.