मी पण हसले होते

‘फँड्री’ पाहून रडलो, असं आपल्यातले कितीतरी जण अभिमानाने सांगतात. मीही सांगायचे. हसले होते, हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपट लागला तेव्हा मी एम.ए. करत होते. वर्गातले सहा-सातजण मिळून गेलो. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्याचं सगळं घर जागच्या जागी थांबतं. डुकराला कसलं राष्ट्रगीत? ते निघून जातं. थिएटर हसलं, मीही हसले. पुढे पडद्यावरचं गावही त्यांच्या धावपळीला हसू लागलं, आणि माझं हसू घशातच अडकलं. मग ती भिंत आली. बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा भिंतीवर, आणि त्यांच्यासमोरून काठीला बांधलेलं डुक्कर वाहून नेणारी माणसं. तिथे मी हमसून रडले. शेवटचा दगड जब्याने सवर्णांना मारला, असं बाहेर चहा पिताना मी ठासून सांगत होते. समाजशास्त्राचे दोन-चार मोठे शब्दही वापरले असतील.

तो दगड मलाही होता, हे कळायला काही वर्षं गेली.

कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या कैकाडी आहे, आपला नाही. ‘आपला नाही’ हे लिहितानाच बघा कसं खटकतं. माझ्या आजोळी डुकरं पाळणाऱ्यांची दोन घरं होती. गावाबाहेर आमची वस्ती आणि आमच्या वस्तीच्याही बाहेर ती घरं. त्यांच्या पोरांमागे ओरडत पळण्यात आम्ही बौद्धांची पोरंही होतो. घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होताच. उतरंडीत खालच्याला आणखी खालचा सापडतो, हे बाबासाहेबांनी किती आधी सांगून ठेवलंय. मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले.

म्हणून नुसत्या रडण्यावर माझा आता विश्वास नाही. रडताना आपण आपसूक जब्याच्या बाजूला जाऊन बसतो, तिथे कुणी जाब विचारत नाही. आपण कुठे उभे आहोत ते हसण्यातून कळतं. ‘भावनिक होऊ नका’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशीही माझं भांडण आहेच. त्या अंधारात पोटात गोळा आला नसता, तर आजोळची ती दोन घरं मला आठवलीच नसती.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारात प्रोजेक्टर लावून ‘फँड्री’ दाखवला. नाल्यापलीकडच्या कैकाडी घरांनाही बोलवू, असं मी सुचवलं. “त्यांचं वेगळं असतं, ताई,” आमचाच एक कार्यकर्ता म्हणाला. मी स्वतः जाऊन बोलावलं. चार बाया आल्या, चपलांजवळ दाराशी बसल्या. आत या म्हटलं तरी हलल्या नाहीत. डुकरामागची धावपळ सुरू झाली तशी आपली पोरं खिदळली. त्या चौघी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

नंतर चहा देताना त्यातली एक म्हणाली, “पोरं हसली तवा उठून जावं वाटलं. पर तुमी बोलावलंवतं.”

जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही नाल्यापलीकडे दरवर्षी जातो. जयंती समितीत त्यांच्यातलं कुणी घ्यायचं का, हा विषय मी दोन बैठकांत मांडला. दोन्ही वेळा ‘पुढच्या बैठकीत बघू’ असं ठरलं. पुढची बैठक रविवारी आहे.